सत्तावीसचे बहात्तर

मुलगा दुसरीत असताना, दिवाळीच्या सुट्टीआधी झालेल्या संकलित चाचणीची गणिताची उत्तरपत्रिका घरी आली, तेव्हा पहिल्याच प्रश्नावर लाल शाईचे पाच गोल होते. बाईंनी उच्चारलेल्या संख्या अंकांत लिहायच्या होत्या. सत्तावीस ऐकून त्याने ७२ लिहिले होते, त्रेचाळीस ऐकून ३४, चौसष्ट ऐकून ४६; एकोणतीसच्या जागी ३९ होते आणि एकोणसाठच्या जागी ६९. पहिलीच्या अखेरीस मुलाला ९९ पर्यंतच्या संख्या लिहिता-वाचता याव्यात, अशी निपुण भारत अभियानाची अपेक्षा आहे आणि आमचा मुलगा दुसरीचे अर्धे वर्ष संपवून बसला होता. मी उत्तरपत्रिकेवर सही केली आणि त्याच संध्याकाळपासून त्याला शिकवायला बसले. पुढच्या दीड महिन्यात मी जे काही केले त्यातले बहुतेक चुकीचे होते, म्हणून आधी तेच लिहिते.

त्याआधी घराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात, भद्रावती पेठेत राहतो आणि आमची घरची भाषा तेलुगू आहे. येथील अनेक पद्मशाली कुटुंबांप्रमाणे आमचेही पूर्वज विणकामाच्या निमित्ताने तेलंगणातून येथे आले. मुलाचे वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत, मी एका पतसंस्थेत लिपिक आहे आणि सासूबाईंनी तीस वर्षे घरी बसून विड्या वळल्या. त्यांना आम्ही अत्तम्मा म्हणतो. मुलगा नायनम्मा म्हणतो. या शहरात महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार माध्यमांत चालतात. तरी मी स्वतः मराठी माध्यमात शिकले आणि मुलालाही मराठी शाळेत घातले. परिणामी मी तेलुगू अस्खलित बोलते, पण तेलुगू लिपीतले एक अक्षरही मला वाचता येत नाही. आमच्या गल्लीत अशी माणसे पुष्कळ आहेत.

तर, संध्याकाळी सात ते नऊ असा माझा वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी मी त्याला २७ ही संख्या शंभर वेळा लिहायला सांगितली. त्याने ती लिहिली, आणि ती कशी लिहिली हे मी पाहिले नसते तर बरे झाले असते, कारण त्याने आधी पानभर वरून खाली नुसते दोन काढले आणि मग प्रत्येक दोनाच्या शेजारी सात भरत गेला. शंभर ओळी पूर्ण झाल्या आणि सत्तावीस ही संख्या त्याने एकदाही लिहिली नाही. मी हे पाहून चिडले, आणि चिडण्यापलीकडे त्यातून काही शिकले नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याला शेजारच्या गल्लीतील शिकवणीला घातले. तेथे एका खोलीत वीस-पंचवीस मुले बसत आणि फळ्यावर लिहिलेली उत्तरे वहीत उतरवत. त्याची वही एकदम स्वच्छ झाली, गृहपाठ रोज पूर्ण दिसू लागला, मात्र मी घरी पाच संख्या सांगितल्या की तीन उलट्या येत.

तिसरी चूक सर्वांत मोठी होती, आणि ती मी एका नातेवाइकाच्या सल्ल्यावरून केली. घरात तेलुगू बोलता म्हणून मुलाचे मराठी कच्चे राहते, असे त्यांचे म्हणणे होते. ऐकायला ते पटण्यासारखे होते. आम्ही त्याच्याशी घरात फक्त मराठीत बोलायचे ठरवले. अत्तम्मांना बाजारापुरते मराठी येते. भाजी घेता येते, दवाखान्यात दुखणे सांगता येते, परंतु नातवाशी गप्पा मारण्याइतके येत नाही. त्यांनी आक्षेप घेतला नाही. त्या त्याच्याशी बोलायच्याच थांबल्या. महिनाभरात माझ्या लक्षात आले की शाळेतून आल्यावर दप्तर टाकताच दिवसभराचे सगळे सांगणारे हे मूल आता 'हो', 'नाही' आणि 'झाले' या तीन शब्दांवर आले आहे. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास त्याच्या पोटात दुखू लागे. डॉक्टरांनी पोट तपासले, काही निघाले नाही, आणि त्यांनी मला विचारले, "सुट्टीच्या दिवशी दुखते का?" सुट्टीच्या दिवशी दुखत नव्हते.

डिसेंबरच्या पालकसभेनंतर मी वर्गशिक्षिकांना थांबून भेटले. त्यांनी चाचणीतील गुणांचा विषय काढलाच नाही. "ताई, घरी तो वस्तू मोजतो तेव्हा कोणत्या भाषेत मोजतो?" एवढे विचारले. मला सांगता येईना. दोन वर्षे मी त्याला मोजायला लावत होते आणि मनातल्या मनात तो कोणत्या शब्दांनी मोजतो हे कधी ऐकलेच नव्हते. मग बाई म्हणाल्या, "आठ दिवस शिकवणे पूर्ण बंद ठेवा. त्याच्या चुका फक्त एका वहीत उतरवून घ्या, आणि हे तू कसे केलेस, एवढेच विचारा. विचारताना कपाळाला आठी नको." शेवटचे वाक्य त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहूनच म्हटले असावे.

त्या आठ दिवसांची वही मी अजून जपून ठेवली आहे. एकेक चूक सुटी दिसे तेव्हा तो निष्काळजीपणा वाटत होता. एका पानावर चाळीस चुका एकत्र आल्या तेव्हा त्यांत शिस्त दिसू लागली. वीस, पन्नास, नव्वद या संख्या तो कधीही चुकत नव्हता. बावीस आणि तेहेतीसमध्ये चुकायला जागाच नव्हती. बाकीच्या जवळजवळ सर्व संख्या उलटत होत्या, आणि 'एकोण'ने सुरू होणाऱ्या संख्या नेमक्या दहाने पुढे जात होत्या. मी विचारले, सत्तावीस कसे लिहिलेस? तो म्हणाला, "तू आधी सात म्हणालीस ना, म्हणून सात लिहिला. मग वीस म्हणालीस, म्हणून दोन." यात खोडून काढण्यासारखे काय होते? मराठीत आपण खरोखरच सात आधी म्हणतो आणि दोन आधी लिहितो. त्रेचाळीसमध्ये तीन आधी ऐकू येतात, चौसष्टमध्ये चार. एकोणतीसमध्ये तर कानावर स्पष्ट तीस पडते, मग तिशीतली संख्या म्हणून त्याने ३ लिहिला आणि 'एकोण' म्हणजे नऊ हे पाठ असल्यामुळे पुढे ९ ठेवला.

तेव्हा बाईंचा प्रश्न आठवला आणि मी त्याच पाच संख्या तेलुगूत सांगितल्या. इरवै येडु. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, कारण घरात तेलुगूला बंदी होती, आणि २७ लिहिले. नलभै मूडु म्हटल्यावर ४३. पाचही बरोबर. तेलुगूत वीस आधी आणि सात नंतर, म्हणजे ज्या क्रमाने अंक लिहायचे त्याच क्रमाने ते उच्चारायचे, कन्नडमध्येही तसेच. त्याला संख्या येत होत्या. दशक आणि एकक त्याला पक्के कळत होते. अडचण होती ती फक्त मराठी शब्दातून अंकाकडे जाणाऱ्या वळणावर, आणि आम्ही ती अडचण दूर करण्यासाठी घरातला सरळ रस्ताच बंद करून टाकला होता.

येथे एक कबुली द्यायला हवी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीसबरोबर 'वीस सात' असेही वाचन देण्यात आले होते. संख्यांच्या नावांतील जोडाक्षरे आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो, अशी त्यामागची भूमिका होती आणि गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी ती जाहीरपणे मांडली होती. राज्यभर वाद झाला, थट्टा झाली, आणि त्या थट्टेचे दोन-तीन संदेश मीही हसत पुढे पाठवले होते. मराठीची संख्यानामे टिकावीत असेच माझे आजही मत आहे. व्यवहारात सत्तावीसच म्हणायचे आहे. पण आमच्या घरातल्या सातवर्षांच्या मुलाला त्या थट्टेतल्या शब्दांची गरज होती, हे मला तेव्हा कळले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून घरात पुन्हा तेलुगू सुरू झाली आणि शिकवणी बंद झाली. मी झाडूच्या हिराच्या काड्या तोडून ठेवल्या. कारखान्यातून आलेल्या सुताने दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधण्याचे काम अत्तम्मांनी अंगावर घेतले. त्यांना मात्र दहाची जुडी मंजूर नव्हती. विडीची जुडी पंचवीसची असते आणि चाळीस जुड्यांचा हजार होतो. ज्या हातांनी तीस वर्षे हा हिशेब केला त्यांना दहावर थांबणे चमत्कारिक वाटत होते. मी दहाचाच आग्रह धरला, कारण दशक दिसायला हवा होता. खेळ साधा होता. मी मराठीत संख्या म्हणायची, त्याने ती तेलुगूत नायनम्माला सांगायची, तिने तेवढ्या जुड्या आणि सुट्या काड्या पुढे ठेवायच्या, आणि त्याने ते पाहून अंक लिहायचे. चूक झाली तर ती काड्यांतच दिसे. मला बोलावे लागत नसे. एकोणतीससाठी तीन जुड्या ठेवून एका जुडीतून एक काडी काढून घ्यायची, म्हणजे तीसला एक उणे. "तीस रुपयांना एक कमी," असे अत्तम्मा भाजीवाल्याशी बोलावे तसे म्हणत, आणि त्याला ते लगेच पटले. हे सगळे रोज वीस मिनिटे चाले. आमच्या भागात नळाला पाणी काही दिवसांआड येते. पाण्याच्या दिवशी घरातला प्रत्येक हात घागर-बादलीला लागलेला असतो, त्यामुळे त्या दिवशी अभ्यास नाही असे आम्ही सरळ ठरवूनच टाकले. आधी मी पाणी भरून झाल्यावर रात्री साडेनऊला त्याला वहीपुढे बसवत असे, आणि त्यातून रडण्यापलीकडे काही निघत नसे.

संख्यांचा गुंता सुमारे तीन आठवड्यांत सैल झाला. वाचनाचे मला खरे तर काही वाटत नव्हते, कारण तो वाचत होता. धडा काढून दिला की कानामात्रेसकट खडाखडा वाचायचा. बाईंनी मात्र तेथेही शंका काढली होती, म्हणून मी त्याला वाचलेली गोष्ट पुस्तक मिटून नायनम्माला तेलुगूत सांगायला लावली. अत्तम्मांना शाळा कधी मिळाली नाही, आणि श्रोत्या म्हणून त्यांच्याइतके कठोर माणूस मी पाहिलेले नाही. दर वाक्याला त्या "तर्वात?" म्हणून पुढचे विचारीत आणि न कळलेल्या जागी "अंटे एंदि?" म्हणजे 'म्हणजे काय?' असे अडवीत. पहिल्याच गोष्टीत एक वाक्य होते: ससा हिरमुसला. वाचताना तो कोठेही अडखळला नव्हता. सांगताना तो तेथे थांबला, आणि मग म्हणाला की ससा झोपला. अत्तम्मांनी विचारले, आत्ताच तर उठला होता, लगेच कसा झोपला? तो माझ्याकडे धावत आला.

त्या एका शब्दाने माझा मोठा गैरसमज दूर केला. खडाखडा वाचणे आणि समजणे यांत इतके अंतर असू शकते, हे मला मोठ्याने वाचून घेऊन कधीच कळले नसते, कारण मी उच्चार तपासत होते. तेलुगूत सांगताना मराठी वाक्य जसेच्या तसे म्हणून सुटका होत नाही. अर्थ हातात असल्याशिवाय दुसऱ्या भाषेतले वाक्य तयारच होत नाही. पुढे आम्ही रोज एक पान, कधी अर्धेच, असे करू लागलो. तो अडला तर मी लगेच शब्दाचा अर्थ सांगत नसे. आधीचे वाक्य पुन्हा वाच, चित्र पाहा, काय असेल ते तू सांग, असे म्हणत असे. 'हिरमुसला'साठी नंतर त्यानेच तेलुगूत एक लांबलचक वाक्य केले: खाऊ देतो म्हणून सांगितले आणि दिला नाही, तर तोंड जसे होते तसे. याहून चांगला अर्थ मला देता आला नसता.

पुस्तके विकत घेणे फारसे शक्य नव्हते. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्यातून मी पहिलीची जुनी पाने काढून आणली, कारण सोपे वाचायला मिळाले की त्याचा धीर वाढत असे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर लहान मुलांच्या पुष्कळ मराठी गोष्टी आहेत आणि त्या पातळीनुसार लावलेल्या आहेत. आठवड्याला एक गोष्ट मी पतसंस्थेशेजारच्या दुकानातून छापून आणत असे. मोबाइलवर दाखवून पाहिले, पण त्याचे बोट गोष्टीवरून दुसरीकडे कधी घसरे ते कळतही नसे.

काही गोष्टी करून पाहिल्या आणि सोडून दिल्या. भिंतीवरचे तक्ते आठवडाभर नवे होते, नंतर ते भिंतच झाले. बरोबर उत्तराला गोळी देण्याची पद्धत मी चौथ्या दिवशी बंद केली, कारण तो आधी गोळीकडे पाहून मग उत्तर देऊ लागला. हस्ताक्षराच्या मागे मी मुद्दामच लागले नाही. चुलतबहिणीशी तुलना करायची नाही, असे ठरवले होते आणि ते माझ्याकडून तीन वेळा मोडले.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा आली. सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत सोलापुरात कोणाच्या घरी अभ्यास होतो, असे कोणी म्हणाले तर मी विश्वास ठेवणार नाही. नंदीध्वजांची मिरवणूक पाहून झाल्यावर आम्ही होम मैदानावर गेलो, तेव्हा त्याच्या वडिलांनी त्याच्या हातात दहा-दहाच्या दहा नोटा दिल्या आणि सांगितले की आज हे तुझे, मात्र यापेक्षा एक रुपयाही अधिक मिळणार नाही. तो प्रत्येक दुकानापुढे थांबून पाटी वाचू लागला. आकाशपाळण्याला पन्नास रुपये गेले. पिपाणीला वीस गेले. मग मौत का कुआँच्या पाटीसमोर तो बराच वेळ उभा राहिला, कारण तिकीट चाळीस होते. हातात तीन नोटा होत्या. पिपाणी परत देऊन ये, असे तो वडिलांना म्हणाला. त्यांनी नकार दिला. मग त्याने आकाशपाळणा सोडून काय काय बघता आले असते याचा पूर्ण हिशेब घरी येईपर्यंत रिक्षात मोठ्याने केला, अर्धा मराठीत, अर्धा तेलुगूत, आणि त्यात एकही चूक नव्हती. वजाबाकीचे एक अख्खे पान मी त्या रात्री त्याच्याकडून करून घेणार होते, ते राहू दिले.

वर्षअखेरच्या चाचणीत संख्यालेखनात दहापैकी आठ बरोबर आले. एकोणसाठ आणि एकोणसत्तर अजूनही कधी कधी चुकतात. घाईत असला तर चौऱ्याऐंशी लिहिताना हात आधी चाराकडे जातो, मग तो स्वतःच थांबतो, ओठांतल्या ओठांत तेलुगूत काहीतरी पुटपुटतो आणि ८४ लिहितो. बाईंना मी विचारले की ही पुटपुटण्याची सवय मोडायला हवी का. त्या म्हणाल्या, "असू द्या. सायकलची मागची छोटी चाके कधी काढायची हे ज्याचे त्याला कळते."

आता तो तिसरीत आहे आणि हातच्याची वजाबाकी आली आहे. शंभरातून चौसष्ट वजा करताना शाळेत शतक सुटे करायचे, दशक सुटे करायचे, वर छोटे आकडे लिहायचे, अशी रीत आहे. परवा तो नायनम्माजवळ बसून हे गणित करत होता. त्यांनी वहीकडे पाहिलेही नाही. चौसष्टला सहा घातले की सत्तर, सत्तरला तीस घातले की शंभर, म्हणजे छत्तीस, असे त्यांनी तेलुगूत सांगितले आणि सूप पाखडणे चालू ठेवले. त्याला ते फार आवडले. त्याने पुढची सहा गणिते त्याच रीतीने तोंडी सोडवली, उत्तरे लिहिली, आणि मग शाळेची रीत दाखवली नाही तर गुण जातील, हे आठवून प्रत्येक उत्तराच्या वर हातच्याचे छोटे आकडे नंतर भरत बसला. एका ठिकाणी आकडे आणि उत्तर जुळेना, तेव्हा त्याने आकडे खोडले आणि उत्तर तसेच ठेवले. मी वही तपासली. उत्तर बरोबर होते.